नववीच्या सरांनी पहिलीच्या बाईंकडून काय शिकायचं?

सर, तुमची प्रतिक्रिया लांब आणि तिखट आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. वेगवेगळ्या शाळांतल्या आणि वेगवेगळी कामं करणाऱ्या शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक शाळेतली मुलं वेगळी, तिथलं इथे चालत नाही, अशा बैठकांत गप्पा आणि गाऱ्हाणी यापलीकडे काही होत नाही, वर्गात मागे कुणी येऊन बसलं की ती तपासणीच, आणि मुळात वेळ कुणाला आहे? शिवाय तुम्ही विचारलंय, नववीला बीजगणित शिकवणाऱ्याने पहिलीच्या बाईंकडून नेमकं काय शिकायचं?

हा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर तुमच्याच विषयात आहे.

२क्ष + ३ = ११ हे समीकरण सोडवताना काही मुलं त्याच ओळीत पुढे ‘= ८ = ४’ असं ओढत नेतात. उत्तर बरोबर येतं, मांडणी साफ चुकीची असते. तुम्ही मार्क कापता, शेरा मारता, पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. ही सवय नववीत लागलेली नसते. पहिल्या काही वर्षांत मुलांसमोर येणारी बहुतेक गणितं ‘५ + ३ =’ अशीच असतात. त्यातून मूल ‘बरोबर’च्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा लावून घेतं. दोन्ही बाजू समान आहेत, हे त्याच्या गावीही नसतं. फॉकनर, लेव्ही आणि कारपेंटर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचा दाखलाच आहे. सहावीच्या १४५ मुलांना ८ + ४ = □ + ५ ही चौकट भरायला दिली होती. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. ७ एकानेही नाही.

आता पहिलीच्या बाईंकडे या. त्यांच्या मुलांची सगळी गणितं बरोबर आहेत, त्यामुळे काही बिघडलंय हे त्यांना कळायला वावच नाही. तुमच्या वर्गातल्या चार वह्या समोर आल्या तरच ते दिसेल. उलट, ‘७ = ५ + २’ असं फळ्यावर लिहिलं की लहान मुलं “बाई, उलटं लिहिलंय!” म्हणून ओरडतात, हे त्या रोज ऐकतात आणि तुमच्या कानावर कधीच येत नाही. गोंधळ कुठे उगवतो ते त्यांना ठाऊक, पुढे कुठे नडतो ते तुम्हाला. अर्धी-अर्धी माहिती दोन इमारतींत पडून आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकांचंही तसंच. मुलाला विज्ञान येत नाही की प्रश्नच वाचता येत नाही, हे ओळखायला त्या आधी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतात. इतकी साधी गोष्ट विषय शिकवणाऱ्या आपल्याला सुचत नाही.

‘तिथलं इथे चालत नाही’ हे उपक्रमांबाबत अगदी मान्य. कुणाचा तक्ता, कुणाचं पीपीटी उचलून आणण्यात मलाही रस नाही. पण वर सांगितलेला गोंधळ शाळेची पाटी बघून येत नाही.

गप्पा-गाऱ्हाण्यांचा आक्षेपही खरा आहे. जुडिथ वॉरन लिटल या अभ्यासिकेने १९९० मध्येच शिक्षकांच्या सहकार्याच्या चार पातळ्या मांडल्या: किस्से सांगणं, मागितल्यावर मदत करणं, साहित्य वाटून घेणं आणि एकत्र मिळून काम करणं. बहुतेक बैठका पहिल्या तीन पातळ्यांतच संपतात. वरून हुकूम आला म्हणून भरवलेली बैठक तर तिथवरही पोचत नाही. समोर ठोस काही हवं: एक पाठ, एक वही, एक चुकलेलं उत्तर.

तपासणीच्या भीतीवर जपानी शिक्षकांनी चांगली तोड काढली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, चालत आला आहे. पाठाचं टाचण सगळे मिळून करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात. कोण कुठे अडखळलं, कुणी काय लिहिलं, याच्या नोंदी होतात. नंतर चर्चा होते ती त्या पाठाची. पाठ सगळ्यांचा, म्हणून शिकवणारा एकटा आरोपी ठरत नाही. कधी इतर शाळांतले शिक्षकही हे पाहायला येतात.

माझा ‘दुसऱ्या शाळेतले’ हा आग्रह इथूनच येतो. आपल्या कामाचं मूल्यमापन ज्याच्या हातात आहे, तो मागे बसला की कुणीही ठेवणीतला पाठच काढणार. परक्या शाळेतल्या बाईंच्या हातात तुमची बढती नसते.

राहिला वेळ. इथे तुमच्याशी वाद नाही. तासिका संपल्यावर उरलेल्या दमात हे होणार नाही, वेळापत्रकातच जागा हवी. शिक्षकांच्या कामाची माहिती घेणाऱ्या ‘टॅलिस’ या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या २०१३ च्या फेरीत शांघायच्या शिक्षकांचे शिकवण्याचे तास आठवड्याला साधारण १४ निघाले, सहभागी देशांची सरासरी होती १९. शांघायमध्ये विषय-शिक्षकांचे गट नेमाने एकत्र बसतात, ते या मोकळ्या वेळात. त्याची किंमत म्हणून वर्ग मोठे असतात, हेही सांगायला हवं. हा सौदा करायचा की नाही, ते शाळा चालवणाऱ्यांनी ठरवायचं. शिक्षकाच्या ‘तळमळी’वर ते ढकलू नये.

प्रत्यक्ष जाणं जमणार नसेल तर व्हिडिओ चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. चालेल. फक्त कॅमेरा फळ्याकडे नको, एखाद्या बाकावरच्या वह्यांवर लावा, आणि चित्रीकरणाआधी मुलांच्या पालकांची परवानगी घ्या.