पाणपोई काढताय? केशवजी नाईकांची चूक करू नका

उन्हाळा तापलाय. पुण्य कमावण्याची उबळ आली असेल तर खुशाल पाणपोई काढा, पण जरा व्यवहार बघून. जुन्या मुंबईच्या शेठ लोकांसारखा बावळटपणा नको.

मशीद बंदरच्या भात बाजारात शेठ केशवजी नाईकांचा प्याऊ, म्हणजे पाणपोई, आहे. १८७६चा, अस्सल दगडी, वर घड्याळाचा मनोरा. आता तुम्हीच हिशोब करा : दीडशे वर्षं झाली आणि उद्घाटन एकदाच! तेवढ्या वर्षांत किती फिती कापून झाल्या असत्या, किती शाली पांघरून झाल्या असत्या. टिकाऊ काम म्हणजे दरसालच्या कार्यक्रमावर पाणीच.

फोर्टात रतनशी मुळजी जेठांनी तर कहर केला. मुलगा अकाली गेला, म्हणून १८९४ साली प्याऊ उभारला. त्यासाठी गाठला कोणाला, तर व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सना. आणि शिखरावर पुतळा त्या मुलाचा. अहो, गेलेला माणूस कुठल्या वॉर्डातून उभा राहणार? तुम्ही आपला स्वतःचा फोटो लावा. शेजारी साहेब, वर मोठे साहेब, खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांची रांग. जागा उरलीच तर कोपऱ्यात माठ.

त्या काळी प्याऊच्या पायथ्याशी जनावरांसाठी कुंडीही ठेवत. गाडीवान वर पाणी पिणार, बैल खाली. निव्वळ उधळपट्टी! बैलाचं मतदार यादीत नाव नाही, आणि तो सेल्फीही काढत नाही.

विहार तलावाचं पाणी १८६० साली नळाने शहरात आलं, तेव्हा या शेठजींना वाटलं, आता रस्त्यावरच्या हमालालाही ते मिळावं. तुम्ही नळजोडणीच्या भानगडीत पडू नका. दोन रांजण, त्यावर लाल फडकं, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला, झालं. साखळी मात्र आखूडच ठेवा. पिणाऱ्याला वाकावं लागतं आणि फोटोत तो तुमच्या पाया पडतोय असं दिसतं. रांजण पहिल्या दिवशी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी कोण बघतंय?

तुमच्या हद्दीत जुना प्याऊ असेल तर नशीबवान आहात. अधूनमधून कुणी वारसाप्रेमी येऊन असे प्याऊ घासूनपुसून देतात, क्वचित नळही वाहता करतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आपला फ्लेक्स नेमका प्याऊसमोर ताणा. त्या कोरीव खांबांना सुतळी फार छान बसते.

पुढे रांजण फुटले तरी हरकत नाही, फ्लेक्स तेवढा काढू नका. मागे प्याऊच्या पायरीवर बाटल्या विकणाऱ्या पोराला त्याची सावली होते. बाटली वीस रुपयांना. बैल सोबत असेल तर अख्खा क्रेट घ्यावा लागेल.