अगदी तस्संच आहे!

लग्नानंतरची पहिली पाच वर्षं आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला काढली. 1998 ते 2003. मग पुण्याला परतलो, आणि तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्ट सनीव्हेलच्या फूटपट्टीने मोजली जाते. सिंहगड रोडवर ट्रॅफिक तुंबला की नवरा सुस्कारा सोडतो, "टू-एटीवर कधी असं झालं नाही." टू-एटीवर व्हायचं. पण वीस वर्षांत त्या हायवेवरच्या सगळ्या गाड्या ह्याच्या आठवणीतून हळूहळू घरी गेल्या आहेत.

मुलगी जन्माने तिथलीच. शिकायला परत गेली आणि सॅन होजेला नोकरीला लागली. 2023 च्या ऑगस्टमध्ये तीन आठवडे तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी फार हरखले होते. युटाहचे लाल डोंगर, जमलं तर अलास्का, अशी माझी मनातल्या मनात यादी झाली होती. नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. गोल्डन गेट, लोम्बार्ड स्ट्रीट, मॉंटेरे, बिक्स्बी ब्रिज, सॅन सिमिओन.

"अरे, हे सगळं पाहिलंय आपण."

"म्हणूनच तर!"

ह्यावर काय बोलणार? शिवाय जुने अल्बम स्कॅन करून त्याने फोनमध्ये घेतले होते. प्रत्येक ठिकाणी त्याच जागी, त्याच पोझमध्ये फोटो काढायचा होता. माझ्या त्या वेळच्या पोझमध्ये गुडघे बरेच वापरलेले होते, हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

भाड्याची गाडी घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, मी चालवते." बाबांना ते अपमानास्पद वाटलं. "मी पाच वर्षं चालवलीय इथे." आता तिकडच्या गाड्यांना इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते आणि आपल्याकडे उजव्या. त्यामुळे प्रत्येक वळणावर आमचे वायपर सुरू व्हायचे. ऑगस्टमधलं कॅलिफोर्निया म्हणजे गवत वाळून पिवळं पडलेलं, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि आमच्या काचेवर खर्र-खट, खर्र-खट. पहिल्या दिवशी सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या आजींनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि पाऊस पडतोय का ते पाहिलं.

चारही बाजूंनी स्टॉपची पाटी असलेल्या चौकात तर नवरा हतबलच व्हायचा. जो आधी आला तो आधी जातो, एवढा साधा नियम. पण वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला समोरचा आपणहून थांबतो तेव्हा आधी संशय येतो. हा थांबे, समोरचा थांबे, दोघं एकमेकांना हाताने "तुम्ही, तुम्ही" करत राहत, आणि वायपर चालूच.

गोल्डन गेटला पोचलो तेव्हा पूल धुक्यात गुडुप होता. उन्हाळ्यात तिथे धुकं असणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथले लोक त्या धुक्याला 'कार्ल' म्हणून हाक मारतात. नवऱ्याने फोन काढून 1999 चा फोटो दाखवला. त्यातही आम्ही दोघं, मागे नुसतं पांढरं. "बघ! अगदी तस्संच आहे!" अख्खा पूल न दिसल्याचा इतका आनंद झालेला माणूस त्या दिवशी तिथे दुसरा नसेल.

पूल ओलांडून पलीकडे गेलो, आणि परत शहराकडे येताना टोल नाका लागला. ह्याने कप ठेवायच्या खळग्यात एकेक डॉलरच्या तीन नोटा आधीच काढून ठेवलेल्या. आमच्या वेळी टोल तीन डॉलर होता. मुलीने मागून सांगितलं, "बाबा, 2013 पासून इथे माणूसच नसतो. कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो." तरी ह्याने गाडी हळू केली आणि रिकाम्या खिडकीला हात केला. टोल पुढे भाड्याच्या गाडीवाल्यांकडून आला, त्यांची भरघोस दक्षिणा जोडून.

मग फ्राइज. इलेक्ट्रॉनिक्सचं ते अवाढव्य दुकान हे नवऱ्याचं तीर्थक्षेत्र होतं. शुक्रवारी पेपरात त्यांची जाहिरात यायची, ती हा देवाची पोथी वाचावी तशी वाचायचा, आणि शनिवारी सकाळी आम्ही दारात. फेब्रुवारी 2021 मध्ये सगळी फ्राइज एकदम बंद झाली, हे मुलीने तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. "बघून तर येऊ," म्हणत हा ब्रोकॉ रोडला घेऊन गेलाच. तिथलं दुकान माया संस्कृतीच्या देवळासारखं सजवलेलं होतं. आता त्या देवळाला कुलूप, समोर मैलभर रिकामं पार्किंग. नवरा जरा वेळ गाडीबाहेर उभा राहिला. मी काही बोलले नाही. माणसाचं सुतक असताना बोलू नये.

एक गोष्ट मला तिथेच, त्या पार्किंगमध्ये बसल्या बसल्या लक्षात आली. ह्याच्या सगळ्या आठवणी शनिवार-रविवारच्या होत्या. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटीला बांधलेला. त्यावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. त्यामुळे माझं सनीव्हेल सोमवार ते शुक्रवारचं. कपडे धुवायच्या मशीनसाठी पंचवीस सेंटची नाणी डबीत साठवायची, हा डबीतून कोकसाठी नाणी पळवायचा, ती परत मोजायची, बाबागाडी ढकलत एल कमिनोवरून भाजी आणायची. हे कुठे एक्सेल शीटमध्ये नव्हतं. आमची जुनी बिल्डिंग होती, पण तीही रस्त्यावरूनच. फाटकाला आता कोड लागतो. "ती बघ आपली बाल्कनी," नवरा हळवा होऊन म्हणाला. ती शेजारच्यांची होती. आपली डावीकडून दुसरी, असं मी सांगितलं, त्यावरून मॉंटेरेपर्यंत वाद चालला.

बिक्स्बी ब्रिज मात्र आहेच तसा. 1932 सालचा, दरीवर साधारण 260 फूट उंचावर एका कमानीवर तोललेला, खाली समुद्र. तिथल्या आमच्या जुन्या फोटोत आम्ही दोघं, थोडा पूल, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्या अनोळखी गृहस्थाचा गुलाबी अंगठा आहे. ती जागा शोधायला पाऊण तास गेला, कारण त्याच जागेसाठी आता रांग होती. शेवटी एका मुलाने फोटो काढून दिला. उत्तम आला. नवरा नाराज. "अंगठा नाही आला," म्हणाला.

तिथून हायवे वनने समुद्राच्या कडेकडेने थेट सॅन सिमिओन, असा बेत होता. पण त्या जानेवारीत पावसाने पुढे दरड कोसळली होती आणि रस्ता अजून बंद होता. मुलीने हे तीनदा सांगितलेलं. "निघेल काहीतरी वाट," असं म्हणून घेतलेल्या ट्रिपमध्ये जे होतं ते झालं. मॅकवेचा धबधबा पाहून उलटं फिरलो आणि आल्या वाटेने परत जाऊन वन-ओ-वन हायवेने लांबचा वळसा घातला. वरंधा घाट पावसाळ्यात बंद असतो हे माहीत असलेला हा माणूस. पण अमेरिकेत दरडी कोसळतात हे त्याच्या आठवणीत बसत नव्हतं.

सॅन सिमिओनला एलिफंट सील पाहिले. ऑगस्टमध्ये मोठे नर तिथे कात टाकायला येतात. दोन-दोन टनांचे ते जीव वाळूवर आडवे पडलेले, मधूनच घोरल्यासारखा आवाज, अंगावर वाळू उडवून पुन्हा डोळे मिटायचे. श्रीखंड-पुरीनंतरचा आमचा हॉलच. ह्यावर मात्र "अगदी तस्संच आहे" मी म्हणाले, आणि कोणी हसलं नाही.

परतताना गिलरॉय लागलं. लसणाचं गाव. गाडीच्या काचा बंद असतानाही आधी वास येतो, मग गाव. पूर्वी तिथे लसणाचं आइस्क्रीम खाल्लं होतं, ते ह्याला पुन्हा खायचं होतं. दोन चमच्यांनंतर कप माझ्या हातात आला, तेव्हाही असाच आला होता. मी जाडजूड लसणाची एक माळ घेतली.

मुलीच्या फ्लॅटवर आल्यावर तिघंही सॅंडविचला कंटाळलेलो. म्हटलं पिठलं टाकते. तेल तापलं, मोहरी तडतडली, गिलरॉयचा ठेचलेला लसूण पडला, आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला.

नवरा दचकून उठला. बटण शोधायला लागला, मग दार उघडून कॉरिडॉरमध्ये पाहिलं, मग फोनवर गूगल. मुलीने कानात बोटं घातली. मी गॅस बारीक केला, ओट्यावरचा नॅपकिन ओढला, एका पायाने खुर्ची अलार्मखाली सरकवली आणि चढले. कमरेवर बाळ नव्हतं, एवढाच काय तो फरक. आधी खिडकीच्या दिशेला दोन झटके, मग खालून वर एक. अलार्म गप्प.

फोडणी जळली नव्हती. खाली उतरून मी पिठाचं पाणी ओतलं.

"तुला हे कधीपासून येतं?" नवऱ्याने विचारलं.