गेमिंगचा महामेळावा भरवताय? मामाचं ऐका

गेल्या मे महिन्यात जळगावात दोन दिवसांचा गेमिंग महामेळावा झाला. नाव सांगत नाही, उगीच त्यांची जाहिरात. भाच्याचा बीजीएमआयचा, म्हणजे मोबाइलवरच्या बंदुकीच्या लढाईच्या गेमचा, संघ त्यात उतरला होता, चार पोरं आणि एक राखीव. 'सोबत मोठं माणूस हवं' अशी अट होती, त्यात मी सापडलो. सकाळी साडेसहाला अमळनेरहून निघालो, रात्री साडेअकराला घरी टेकलो. मधल्या सतरा तासांत पोरं एकूण अकरा मिनिटं खेळली. उरलेल्या वेळात मी जे शिकलो ते स्वतःजवळ दडवून ठेवणं बरं नाही. धुळं, शिरपूर, शहादा, चोपडा, कुठेतरी पुढचा महामेळावा शिजत असणारच. त्या होतकरू आयोजकांसाठी हा उपदेश, फुकट.

आधी फ्लेक्स. जागा, वीज, इंटरनेट ही किरकोळ कामं, ती आदल्या रात्री होतात. फ्लेक्सवर वीस-बावीस चेहरे हवेत आणि उरलेल्या जागेत हेल्मेट घातलेला तो बंदूकवाला. आमच्या फ्लेक्सवर तो 'शुभेच्छुक'मधल्या 'शु'च्या मागे अर्धा दडला होता. बिचारा कव्हर घेत असावा.

महिना मेच निवडा. सुट्ट्या असतात, आणि ज्या दिवशी लग्नाची तिथी नाही त्या दिवशी लॉन निम्म्या भाड्यात मिळतं. वर पत्रा असला तर उत्तम. बाहेर ४४ अंश असतील तर आत किती, ते मोजायच्या भानगडीत पडू नका. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगते, पण त्या लोकांनी भुसावळचा मे कुठे पाहिलाय! तापलेला फोन स्वतःचा जीव वाचवायला आधी स्क्रीन मंद करतो, मग प्रोसेसरची चाल उतरवतो, मग चार्जिंग घ्यायचं सोडतो. त्या अवस्थेत पोरांनी नेम धरावा, त्यानं त्यांची एकाग्रता वाढते. आमच्याकडे कूलर चार होते, चारही व्यासपीठाकडे तोंड करून. पोरं गेटबाहेरच्या बर्फगोळेवाल्याकडे गेली, रुमालात फोन गुंडाळून त्याच्या बर्फावर ठेवून आली. त्या माणसानं एक पैसा घेतला नाही. अख्ख्या मेळाव्यात पोरांच्या फोनची काळजी वाहिली ती एवढ्या एकानं, आणि त्याचा चेहरा फ्लेक्सवर नव्हता.

रांगेबद्दल. रांगा तीन असाव्यात: ऑनलाइन नोंदणी, ऑफलाइन नोंदणी आणि व्हीआयपी. तिन्ही एकाच टेबलाशी याव्यात. टेबलावर लॅपटॉप एक, आणि त्याची बॅटरी संपत आलेली, कारण एक्स्टेन्शन बोर्ड साउंडवाल्यानं नेलेला. मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय आत सोडायचं नाही आणि पट्ट्या साडेअकरापर्यंत आणायच्या नाहीत. यादीत खेळाडूंची नावं ठेवू नका, त्यांची गेममधली नावं ठेवा. ती नावं कशी असतात तुम्हाला ठाऊक आहे: आधी तलवार, मग दोन उभ्या रेघा, मग कुठल्या तरी लिपीतलं वाकडं अक्षर, शेवटी कवटी. कीबोर्डवर टाइप होत नाहीत, त्यामुळे यादीत शोधताही येत नाहीत. टेबलावरचा पोरगा बोट लावून एकेक ओळ वाचत होता, "तलवार... रेघ, रेघ... हे काय आहे, बदक का?" मागे दीडशे पोरं उन्हात. मी एका स्वयंसेवकाला विचारलं, बाबा, दुसरं टेबल कुठे आहे? तो म्हणाला, "माले काय इचारस भो, मी बी सकायलेच उनू." त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर 'मदत हवी? मला विचारा' असं छापलेलं होतं.

उद्घाटन दहा वाजता ठेवा. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

भाषणात मात्र एक वाक्य हवंच: "मुलांनो, ऑनलाइन रमीच्या नादी लागू नका." आमच्या पाहुण्यांनी ते तीनदा म्हटलं. समोर बसलेली पोरं रमी खेळायला आलेली नव्हती. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, रीतसर मान्यता मिळाली. हांगझोऊच्या आशियाई खेळांत या खेळांना पदकं होती. हा फरक पोरांना पाठ होता. ज्यांनी मेळावा भरवला त्यांनी तो पाहुण्यांच्या कानावर घालायचा राहिला. असो, हार मोठा होता.

आता वेळापत्रक. गणित कच्चं असलेलाच माणूस यावर बसवा. आमच्याकडे संघ होते १२८. एका रूममध्ये, म्हणजे गेममध्येच उघडलेल्या सामन्याच्या खोलीत, १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू, म्हणजे गट ८. प्रत्येक गटाचे सामने ३, एकूण २४. सामना अर्ध्या तासाचा. रूम उघडणं, पोरं स्लॉटवर बसणं, कोणाचा तरी फोन बंद पडणं, याला दहा मिनिटं धरा. चोवीस गुणिले चाळीस, ९६० मिनिटं. सोळा तास. पत्रिकेवर छापलं होतं 'सकाळी १० ते सायंकाळी ५'. तेही एका वेळी एकच रूम चालवून! चौथीतलं पोरगं हा हिशेब बोटांवर करून सांगेल, पण चौथीतल्या पोराला समितीत घेत नाहीत. कोणी शहाणा म्हणेल, मग संघ कमी घ्या. जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम हे गेमिंगचं प्रदर्शन भरतं, तीन लाखांवर माणसं येतात, आणि तिथेसुद्धा तिकीट त्या-त्या दिवसाचं असतं, संपलं की संपलं. त्याचं ऐकू नका. 'मोजकेच स्लॉट शिल्लक' हा मेसेज आदल्या रात्रीपर्यंत सोडत राहा. संघामागे ५०० रुपये, १२८ संघ, ६४ हजार. हे गणित कोणाचंच चुकलं नाही बघा.

इंटरनेट एकच घ्या आणि त्याचा पासवर्ड फ्लेक्सवर छापा. हो, छापा. मी थट्टा करत नाही, छापलेला होता, प्रवेशद्वारावर, फूटभर अक्षरात. खेळणारेच काय, त्यांचे भाऊ, मंडपवाले, रिक्षावाले, शेजारच्या लॉनचा वॉचमन, सगळे त्यावर. राउटर ते घरात टीव्हीमागे ठेवतात तसे दोन. त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना धडकत नाहीत अशी चॅनलं तीनच असतात, आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटस्पॉट चालू. मग पोरं मोबाइल डेटावर गेली. तिथे अख्खा मेळावा एकाच टॉवरला लोंबकळलेला. पिंग ४००. ज्यांना पिंग म्हणजे काय ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तुम्ही बटण दाबलं ते सर्व्हरला कळून उत्तर यायला लागणारा वेळ. वीस-चाळीस मिलिसेकंद असेल तर खेळ. चारशे असेल तर समोरच्यानं झाडलेली गोळी तुम्हाला दिसते तेव्हा तुम्ही गेममध्ये मरून तुमची पेटी होऊन, तो तुमची लूट घेऊन निघून गेलेला असतो.

आमच्या पोरांचा गट सहावा. वेळ दुपारी दोनची, नंबर लागला सहा वाजून दहा मिनिटांनी. आयडीपी, म्हणजे रूमचा नंबर आणि पासवर्ड, कुठे येणार? व्हॉट्सॲप ग्रुपवर. व्हॉट्सॲप कशावर चालतं? त्याच नेटवर. म्हणजे रूमचा नंबर-पासवर्ड मिळायला जे नेट लागतं तेच नाही, म्हणून पासवर्ड मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून पोरं बाहेर. पाचशे पोरांच्या समोर व्यासपीठावर माइक होता. दिवसभर त्यावर सत्कार चालले होते. सहा आकडी नंबर माइकवरून वाचायला काय जात होतं? मी जाऊन म्हटलं, तर म्हणे, "काका, मग बाहेरचा कोणीही रूममध्ये घुसेल." पासवर्ड फ्लेक्सवर छापणाऱ्यांना अचानक गुप्ततेचं महत्त्व पटलं होतं!

चारपैकी दोघं आत पोचले. उरलेल्या दोघांच्या फोनवर मेसेज आला तेव्हा गेममधलं, खेळाडूंना मैदानात सोडणारं विमान उडालं होतं. दोघंच उतरली, भाचा आणि त्याचा मित्र, रोज रात्री अकरापर्यंत स्क्रिम्स, म्हणजे सरावाचे सामने, खेळून चौघांनी बसवलेलं रोटेशन, म्हणजे नकाशावर कुठून कुठे सरकायचं ते, दोघांत कसं करायचं ते एकमेकांना ओरडून सांगत. नवव्या मिनिटाला मित्राचा फोन तापून बंद. अकराव्या मिनिटाला भाच्याची पेटी. मारणारा त्याला दिसलासुद्धा नाही. टेबलाशी गेलो तर उत्तर तयार होतं: "नेट सगळ्यांना सारखंच आहे, काका." सारखं नव्हतं. व्यासपीठामागून एक वेगळी फायबरची लाइन आलेली मी डोळ्यांनी पाहिली. ती होती लाइव्ह प्रक्षेपणासाठी आणि आयोजकांच्या रील्ससाठी. उद्घाटन तुटता कामा नये ना. गटाचे उरलेले दोन सामने 'वेळेअभावी' रद्द झाले आणि एका सामन्यावर निकाल लागला.

व्हीआरचा चष्मा एक ठेवा, रांग तीनशेची.

बोर्ड गेम विभाग हवाच. एक कॅरम पुरे, स्ट्रायकर हरवलेला.

यूट्यूबवाल्या पाहुण्याला बारा मिनिटं आणा. त्यातली आठ हार घालण्यात जातात.

वेशभूषेची स्पर्धा दुपारी दीडला, उघड्यावर. एक पोरगा थर्माकोलचं चिलखत घालून आला होता, आईनं रात्रभर चिकटवलेलं. डिंक उन्हानं सुटला, तो एका हातानं छाती आणि एका हातानं पाठ धरून उभा राहिला. त्याला पहिला नंबर द्यायला हवा होता. परीक्षक जेवायला गेले होते.

बक्षिसाचा चेक पुठ्ठ्याचा करा, दोघांना धरावा लागेल एवढा. फोटो झाला की परत घ्या.

पाणी. गेटवर पोरांच्या पिशव्या तपासायच्या आणि घरून आणलेल्या बाटल्या काढून घ्यायच्या, 'सुरक्षेसाठी'. आत वीसची बाटली चाळीसला. जार होते दोन, एक मंचामागे आणि एक स्वयंपाकघरात, आणि दोन्हींवर 'स्टाफसाठी'. मुलींचे तीन संघ होते, साक्रीहून आलेल्या पोरी होत्या त्यात. लॉनचं बायकांचं टॉयलेट वधूपक्षाच्या खोलीत असतं आणि खोलीला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर गावाला. पोरी दोन-दोन करून समोरच्या पेट्रोल पंपावर जात होत्या, हायवे ओलांडून. आणि दुपारी तीनच्या सुमारास रांगेतला एक पोरगा मटकन खाली बसला. आठवी-नववीतला असेल. डोळे पांढरे. त्याला सावलीत नेलं ते आम्ही बाहेरच्या लोकांनी, पाणी मारलं ते त्याच बर्फगोळेवाल्याच्या डब्यातलं. आयोजकांपैकी एक जण आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही, सकाळपासून खाल्लं नसेल. पोरंच आहेत."

पोरंच आहेत. झालं, इथून पुढे मला उपरोध जमत नाही.

अरे, याच लॉनवर, याच मंडपवाल्याकडून, याच उन्हात तुम्ही पाचशे पानांच्या पंगती उठवता. वरण-बट्टी गरम वाढता, जारमध्ये बर्फ संपू देत नाही, वधूपक्षाची खोली आदल्या दिवशी झाडून घेता. तेव्हा कसं जमतं? जमतं, कारण तिथे व्याही उभा असतो आणि वाटी उशिरा आली तर तो चारचौघांत तुमची अब्रू काढतो. सारंगखेड्याच्या यात्रेत जा, घोडा आला की मालक स्वतः जेवायच्या आधी त्याला पाणी दाखवतो. तुम्ही पोरांना घोड्याएवढंही धरलं नाही. ती शहाद्याहून, रावेरहून, शिरपूरहून पहाटेच्या एसटीनं आली. चारजणांत पाचशे रुपये काढून आली, घरी 'गेमसाठी एवढ्या लांब?' असं ऐकून आली. तुम्हाला ती फक्त ड्रोनच्या फोटोत गर्दी म्हणून हवी होती.

आणि 'पहिलंच वर्ष आहे, सांभाळून घ्या' हे मला सांगू नका. अमेरिकेतलं जेन कॉन हे खेळांचं संमेलन १९६८ साली लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात एका हॉलमध्ये सुरू झालं, माणसं होती शंभराच्या आसपास. पहिलं वर्ष असलं की तेवढीच बोलवायची असतात. बत्तीस संघ घ्यायचे, गट दोन करायचे, नोव्हेंबरात भरवायचं, केबल ओढायची, पाण्याचे जार पोरांकडे तोंड करून ठेवायचे. यातलं एक काम तरी अवघड आहे का? पैसे लागतात म्हणाल, तर हारांचे वाचवा.

परतीच्या गाडीत पोरं गप्प होती. धरणगाव गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी मुक्कामाला आदल्या दिवशीच येऊ, म्हणजे रांगेत पुढे लागू." मी त्याला काही बोललो नाही. त्याची चूक आहे असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटायला लावणारे तिकडे सत्काराच्या शाली घड्या घालत बसले असतील.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला: 'अभूतपूर्व प्रतिसादाबद्दल आभार!' खाली ड्रोनचा फोटो. पैसे परत कधी देणार, हे विचारायला बोट लावलं तर ग्रुप बंद, फक्त ॲडमिन लिहू शकतात. तर ॲडमिनसाहेब, आधी तो ग्रुप उघडा. १२८ कॅप्टन तिथे वाट बघताहेत, आणि प्रत्येकाचे पाचशे रुपये तुमच्याकडे आहेत.