एआर पिस्तूल: ‘कटकट नाही’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड जोरात आहे: ‘ब्रेसचा नियम कोर्टाने उडवला, 200 डॉलरचा करही गेला. एआर पिस्तूल म्हणजे रायफलच, फक्त कटकट नाही. नळी जितकी आखूड तितकी उत्तम, वर हवं ते लावा.’

एआर पिस्तूल म्हणजे एआर-15 रायफलच्या धर्तीचं, आखूड नळीचं, खांद्याचा स्टॉक (दस्ता) नसलेलं पिस्तूल. ब्रेस म्हणजे त्याच्या मागे बसणारा, हाताला बांधायचा आधार. तिथूनच सुरू करू. ब्रेसवाल्या बहुतेक पिस्तुलांना आखूड रायफल ठरवणारा एटीएफचा (अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्याचा) 2023 चा नियम टेक्सासच्या फेडरल कोर्टाने जून 2024 मध्ये रद्द केला, हे बरोबर. पण आखूड रायफलींसारख्या शस्त्रांची नोंदणी सक्तीची करणारा 1934 चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट कुठे गेला? 16 इंचांहून आखूड नळीच्या एआरला खांद्याचा स्टॉक बसवलात की ती शॉर्ट बॅरल रायफल होते. नोंदणी नसेल तर शिक्षा 10 वर्षांपर्यंत. ब्रेस हातावर पट्ट्याने बांधायला निघाली, स्टॉक खांद्याला टेकवायला; मागच्या नळकांड्यावर (ट्यूबवर) दोन्ही बसतात म्हणून कायद्यात एक होत नाहीत.

‘हवं ते लावा’ तर त्याहून घातक. 26 इंचांपेक्षा कमी लांबीच्या पिस्तुलाला पुढे उभी मूठ लावली की एटीएफच्या लेखी ते पिस्तूल राहत नाही, नोंदणीच्या वेगळ्या वर्गात जातं. तिरकी ग्रिप किंवा हँडस्टॉप (हात पुढे सरकू नये म्हणून लावलेला छोटा अडथळा) चालतो.

आखूड रायफलीच्या नोंदणीवरचा 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झालाय, नोंदणी मात्र गेलेली नाही. फॉर्म 1 (एटीएफकडे आधी करायचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, आणि मंजुरी हातात आल्यावरच जोडणी. शिवाय नोंदवलेली आखूड रायफल दुसऱ्या राज्यात न्यायला एटीएफची आगाऊ परवानगी लागते, पिस्तुलाला लागत नाही. कर माफ होऊनही बरेचजण पिस्तुलावरच थांबतात ते यामुळे.

आखूड नळीचं कौतुक करणाऱ्यांनी एआरच्या नेहमीच्या 5.56 काडतुसाचा हिशोब पाहावा. 20 इंची नळीच्या तुलनेत 10.5 इंचीतून गोळीचा वेग सेकंदाला साधारण 500 फुटांनी घटतो. आवाज आणि ज्वाला मात्र वाढतात. बंद खोलीत तर कानांचं काही खरं नाही. आखूडच हवी असेल तर 300 ब्लॅकआउट हे दुसरं काडतूस त्याच कामासाठी बनलंय, 9 इंचांतही ते नीट चालतं. पण ही काडतुसं 5.56 च्याच मॅगझिनमध्ये बसतात, आणि चुकून 5.56 च्या नळीत गेली तर बंदूक हातात फुटू शकते. दोन्ही घरात ठेवणार असाल तर मॅगझिनना रंगीत पट्ट्या लावा, गोळ्यांचे डबेही वेगळे ठेवा.

राहिली ‘कटकट’. पिस्तूल म्हटल्याने ती वाढते! फेडरल कायद्यानुसार डीलर रायफल 18 व्या वर्षी विकू शकतो, पिस्तुलाला 21 लागतात. शेजारच्या राज्यातल्या दुकानातून थेट घेता येत नाही. आपल्या राज्यातल्या डीलरकडे मागवावं लागतं. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये तर ग्रिपबाहेर मॅगझिन असलेलं असं पिस्तूल बंदीच्या कायद्यात अडकतं.

सगळ्यात मोठी गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. एच-1बी, एल-1 किंवा एफ-1 व्हिसावर असाल तर फेडरल कायदा बंदूक बाळगूच देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला ठळक अपवाद. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही ताब्यातच धरली जाते. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. दुकानातल्या 4473 फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा, आणि शस्त्रकायद्याखाली दोषी ठरलात तर हद्दपारीही होऊ शकते.