मागचं सील गेलंय, साहेब

गाडीखाली तेलाचा डाग पडला की ते मालकाला सोडून सगळ्यांना आधी कळतं. मालक बसतो वर सीटवर, डाग असतो खाली. आमच्याकडे तो आधी वॉचमनला दिसला, मग गाड्या पुसणाऱ्या पोराला, मग सेक्रेटरी काकांना, आणि सगळ्यात शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फोटोसकट मला. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट, डाग त्याहून स्पष्ट, खाली 'संबंधितांनी नोंद घ्यावी'. पेव्हर ब्लॉक नुकतेच बसवलेले, त्याचं काँट्रिब्युशन निम्म्या लोकांनी अजून भरलेलंही नाही, तरी भावना मात्र शंभर टक्के लोकांच्या दुखावल्या होत्या.

आता डिझेल गाडीचं इंजिन ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं. काजळी धरतं, त्याचं कामच ते आहे. पण पेट्रोलवाल्याच्या गाडीतून मधाळ रंगाचा थेंब पडला तर कोणी बघत नाही आणि आपला पडला की पार्किंगमध्ये गुन्हा घडल्यासारखं वाटतं. काका म्हणाले एसीचं पाणी असेल का हो. म्हटलं काका, एसीचं पाणी पाण्यासारखंच असतं, कूलंट गुलाबी नाहीतर हिरवं असतं, हे बोटाला लावून बघा, काळं आणि बुळबुळीत, हे इंजिन ऑइलच. काकांनी बोट लावलं आणि मग ते पुसायला कुठे जागा मिळेना म्हणून माझ्याच बॉनेटला पुसलं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा, सकाळी थेंब कुठे पडलेत त्यावरून अंदाज घ्यायचा, ही पद्धत चांगली आहे. फक्त ठाण्यात रिकामा स्वच्छ पुठ्ठा रात्रभर जमिनीवर टिकत नाही. सकाळी थेंब जागेवर, पुठ्ठा भंगारात.

मग गॅरेजच्या वाऱ्या. माजिवड्याजवळच्या पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी उचललीसुद्धा नाही, खाली वाकला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ओलं बघितलं आणि उठून हात पुसत म्हणाला, "मागचं सील गेलंय, साहेब." इंजिनचा मुख्य फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, त्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं गोल सील असतं, ते. सील स्वस्त असतं, पण तिथपर्यंत पोचायचं तर आख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. आणि उतरवतोच आहोत तर क्लच प्लेट, मग प्रेशर प्लेट, मग रिलीज बेअरिंग, "परत परत कोण उतरवणार साहेब". नळाचा वायसर बदलायला आलेला प्लंबर बाथरूमच्या टाइल्स ठोकून बघायला लागतो ना, तसं मला झालं. विचार करून सांगतो म्हटलं. त्याने नंबर घेतला.

दुसरा म्हणाला टर्बो गेला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप ओढून काढला, आत बोट फिरवलं, तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं, "हे बघा." घाबरलोच मी. नंतर कळलं की इंजिनच्या आतली वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून परत हवा आत घेणाऱ्या वाटेलाच जाते आणि तिच्याबरोबर थोडं तेल जातंच, त्यामुळे त्या पाइपात तेलाचा पातळ थर बऱ्याच डिझेल गाड्यांत सापडतो. पण समोर काळं बोट धरलं की माणसाचं डोकं चालत नाही.

तिसरं मत मेहुण्याचं. तो ऐरोलीला राहतो आणि त्याला सगळं येतं. त्याने ऑनलाइन एक कीट मागवलं, एक छोटी बाटली, एक जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च आणि पिवळा गॉगल. बाटलीतला रंग ऑइलमध्ये टाकायचा, गाडी फिरवायची, अंधारात टॉर्च मारायची, जिथून गळतंय तिथे हिरवट पिवळं चमकतं. कल्पना एक नंबर आहे आणि गॅरेजवाले वापरतातही. फक्त आमचं ऑइल इतकं काळं झालेलं की तो रंग काजळीत पार बुडाला. म्हणजे रात्री अकरा वाजता मी पार्किंगमध्ये चटई टाकून गाडीखाली आडवा, डोळ्यावर पिवळा गॉगल, मेहुणा वरून बॉनेटमध्ये टॉर्च मारतोय, आणि इंजिन सोडून सगळं चमकतंय. माझा बनियन झगमगीत, पांढऱ्या कपड्यांना कपड्याच्या साबणातली पावडर लागलेली असते ना, ती चमकते. वॉचमन बघायला आला तर त्याचा शर्ट पेटल्यासारखा दिसला आणि तो दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात काका शतपावलीला. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त लेंगा सावरून लांबून गेले. लेंगाही चमकत होता.

मेहुणा म्हणाला मग लीक थांबवणारी बाटली टाकू, सील फुगतात. म्हटलं नको, आधी कुठून येतंय ते तर कळू दे.

शेवटी ऑफिसातल्या एकाने वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीतल्या मामांकडे पाठवलं. बोर्ड नाही, कॉम्प्युटर नाही, एक पोरगं आणि एक रेडिओ. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन शेवटचं कधी धुतलं?" मी गप्प. "मग एवढ्या जणांनी बघितलं काय?" तेल वरून खाली येतं, त्यात गाडी पळताना हवेने मागे उडतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे फक्त त्याचा शेवट असतो, सुरुवात शोधायची तर वर बघायला लागतं आणि वर्षानुवर्षांच्या चिकट थरात वर काही दिसत नाही, असं ते स्पॅनर हातात धरूनच बोलले. मग अल्टरनेटरला प्लास्टिकची पिशवी बांधली, डिझेल आणि ब्रशने इंजिन घासून काढलं, वाळवलं, आणि म्हणाले कॅरमची पावडर आहे का घरी? डबा घेऊन आलो. त्यांनी संशयाच्या सगळ्या जागांवर पावडर फुंकली, "आता गायमुखचा चढ चढवून आणा."

घोडबंदर रोडवर संध्याकाळी चढ चढवणं म्हणजे काय हे इथल्या लोकांना सांगायला नको. पण मामा म्हणाले उलट बरं, तापू दे, गरम तेल पातळ होतं, लवकर गळतं. ठाण्याच्या ट्रॅफिकचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

परत आलो. मामांनी दाताच्या डॉक्टरसारखा दांडीचा आरसा आत घातला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. टर्बो पांढरा. चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, पांढरं. आणि वर, इंजिनच्या हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक मुठीएवढा डबा, त्याच्या सांध्याखाली पावडर भिजून काळी झालेली, तिथून बारीक रेघ निघून गिअरबॉक्सच्या जोडावर, बरोबर 'मागचं सील' जिथे गेलं होतं तिथे. व्हॅक्यूम पंप. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, पेट्रोल गाडीत हवा अडवणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेमुळे तो आपोआप मिळतो, डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून हेडमधल्या कॅमशाफ्टच्या दांड्यावर फिरणारा वेगळा पंप लावतात, आणि त्याला इंजिनचंच तेल जातं. दोन-तीन बोल्ट काढले, पंप हातात. आतलं रबराचं रिंग मामांनी दोन बोटांत वाकवलं तर कटकन तुटलं.

नवीन बसवताना सांध्यावर आधीच्या कोणीतरी सिलिकॉन फासलेलं निघालं. त्यावर मात्र मामा चिडले. "ट्यूब पिळायला अक्कल लागत नाही. जास्तीचं आतून निघून चेंबरच्या जाळीत अडकतं आणि मग ऑइल प्रेशर जातं." पोराने ब्लेड घेऊन इतक्या हळू ते खरवडलं की मला घाम फुटला. रिंग बदलून झाल्यावर मामांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उलटं करून तेल भरायच्या तोंडावर नुसतं ठेवलं. आत दाब साठला असेल, ब्रीदर चोंदला असेल तर झाकण उड्या मारतं आणि मग कितीही पॅकिंग बदला, तेल दुसरीकडून वाट काढतं. आमचं झाकण जरासं थरथरलं आणि बसून राहिलं. "काही नाही, ठीक आहे," मामा म्हणाले आणि मला पहिल्यांदा श्वास घेता आला. बिल मात्र त्यांनी बिनचूक लावलं, सगळ्यात महाग आयटम 'वॉशिंग'.

पुढच्या आठवड्यात माजिवड्याच्या गॅरेजवाल्याचा फोन. "साहेब, गिअरबॉक्स कधी उतरवायचा?" म्हटलं नको आता, व्हॅक्यूम पंपाची रिंग होती, झालं काम. तो जरा गप्प झाला.

"तेच म्हणत होतो मी," म्हणाला. "पण क्लच प्लेट एकदा दाखवून जा."