‘धडधाकट सैनिकावर कोण अत्याचार करणार?’

अमेरिकी सैन्याविषयी एक दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो: लैंगिक अत्याचार हा तेथील महिला सैनिकांचा प्रश्न आहे, धडधाकट पुरुषावर असा प्रसंग ओढवत नाही, ओढवलाच तर त्याला समलैंगिक सैनिक जबाबदार असतात, आणि खरेच काही घडले असते तर त्याने तक्रार केली असती.

पहिला मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१४ च्या सर्वेक्षणानुसार वर्षभरात अत्याचार सोसलेल्या अंदाजे २०,३०० सैनिकांपैकी सुमारे १०,६०० पुरुष होते. महिलांना असलेला धोका कितीतरी अधिक आहे (सुमारे ४.९ टक्के, पुरुषांत १ टक्का), हे मान्यच करायला हवे, परंतु सैन्यात पुरुषच बहुसंख्य असल्याने पीडितांच्या संख्येत त्यांचा वाटा मोठा ठरतो.

शरीरबळाचा युक्तिवाद तर घटनेचे स्वरूपच लक्षात घेत नाही. त्याच सर्वेक्षणात पुरुषांवरील हल्ल्यांत एकाहून अधिक हल्लेखोर असण्याचे, हल्ला कामाच्या वेळेत होण्याचे आणि त्यामागे रॅगिंग किंवा मानहानीचा हेतू असल्याचे पीडितांनी सांगण्याचे प्रमाण महिलांपेक्षा जास्त आढळले. ज्यांच्यावर जीव सोपवायचा त्याच तुकडीतील चौघे मिळून धरतात, तेव्हा दंडातील ताकद काय कामाची? आणि हेतू नामोहरम करण्याचा असेल, तर हल्लेखोराच्या लैंगिक कलाची चर्चा मूळ प्रश्नापासून दूरच नेते.

तक्रारीचा मुद्दा मला सर्वांत क्रूर वाटतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, पीडित पुरुषांपैकी फार तर १३ टक्के तक्रार करतात. महिलांत हे प्रमाण किमान ४० टक्के आहे. आपल्या मर्दपणावर शंका घेतली जाईल ही भीती त्यामागे असते, आणि हल्ल्याच्या वेळी शरीराने दिलेला अनैच्छिक प्रतिसाद म्हणजे आपली संमतीच होती, असा छळणारा गैरसमजही असतो.

वरिष्ठांना न कळवता आणि चौकशी सुरू न होता उपचार व समुपदेशन मिळवण्याची सोय तेथे २००५ पासून आहे, तर गंभीर प्रकरणांत खटला भरण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ पासून अधिकाऱ्यांच्या साखळीबाहेरील विशेष वकिलांकडे गेला आहे. मात्र प्रशिक्षणात पुरुष पीडितांचा समावेश करावा आणि त्यांच्या वेगळ्या गरजांविषयी डॉक्टरांना मार्गदर्शन द्यावे, हे त्या लेखापरीक्षण संस्थेला २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुचवावे लागले; केवळ पुरुषांसाठीचा प्रतिबंध आणि मदतीचा आराखडा संरक्षण खात्याने त्यानंतर, २०१६ मध्ये, जाहीर केला.