दर मंगळवारची थप्पी

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलं की आपल्याकडे आता व्यंगचित्र काढायची सोयच राहिली नाही, लगेच कुणाच्या तरी भावना दुखावतात, तुमच्या अमेरिकेत बघ कसं सगळं चालतं. आता मी जर्सीत राहतो, घरी 'न्यूयॉर्कर' हा साप्ताहिक अंक येतो आणि खरं सांगायचं तर तो कार्टूनसाठीच येतो (लेख नंतर वाचू म्हणून गठ्ठा साठतो, मग बायको तो फेकते). पण काका, इथेही सगळं चालत नाही हो. २००८ साली याच अंकाच्या कव्हरवर बॅरी ब्लिटनं फेटेवाला ओबामा आणि बंदूकवाली मिशेल काढली, टिंगल खरं तर ओबामा छुपा मुस्लिम आहे अशा अफवा पसरवणाऱ्यांची होती, तरी खवळले ते ओबामांच्याच बाजूचे लोक.

मला फरक दिसतो तो दुसरीकडेच. १९२५ ला हॅरॉल्ड रॉस आणि जेन ग्रँटनं हे साप्ताहिक काढलं. त्यात ज्याची व्यंगचित्रं पुढे गाजली तो जेम्स थर्बर तर कसला चित्रकार, ऑफिसात बसून रेघोट्या मारणारा लेखक, पण तिथल्याच ई. बी. व्हाइट या लेखकानं त्या रेघोट्या उचलल्या, त्यांच्यावर शाई फिरवली आणि रॉससमोर ठेवल्या! पुढे कार्टूनला वेगळा एडिटरच, आधी ली लोरेन्झ, मग १९९७ पासून २० वर्षं बॉब मँकॉफ, आता एमा ॲलन. वर्षानुवर्षं रिवाज असा होता की दर मंगळवारी चित्रकारांनी दहाएक चित्रांची थप्पी घेऊन यायचं, त्यातलं एखादं लागलं तर लागलं, नाहीतर परत पुढच्या मंगळवारी. मँकॉफ स्वतःच सांगतो की त्याची पहिली दोनेक हजार चित्रं साभार परत आली होती. असं दर आठवड्याला नीट बघून 'नको' म्हणणारं माणूस आपल्याकडे कुठाय?

चित्रकार कमी होते असं नाहीच. 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावानं सदर लिहायचे जयवंत दळवी, पण त्याला चेहरा दिला वसंत सरवट्यांनी, आणि हे सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनीअर, म्हणजे चित्रं नोकरी सांभाळून. हक्काची जागा दिवाळी अंकात, वर्षातून एकदा. भावना दुखावतात हे खरंच आहे, पण वर्षाला एका दिवाळीवर कुणाचं घर चालणार?

एवढं सगळं टाइप करून पाठवलं. उत्तर म्हणून काकांनी एक व्यंगचित्र फॉरवर्ड केलं, झकास होतं, खालची सही मात्र कापलेली. कुणाचं विचारलं, तर म्हणाले काय माहीत, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलं.